हे पान कुणी लिहिलं?

वेबसाईटच्या धंद्यात आमच्या साडूंइतका हट्टी माणूस आजवर झाला नाही, आणि यापुढं होऊ नये अशी माझी देवाजवळ कळकळीची प्रार्थना आहे. एक जन्माला आला तेवढ्यानं माझे निम्मे केस गेले. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. माझ्याहून वीसएक वर्षांनी मोठे, मूळचे मंद्रूपचे, आता जुळे सोलापुरात राहणारे. उभी हयात त्यांनी छापखान्यात शिशाचे खिळे जुळवण्यात घालवली. एकेक अक्षर चिमटीत धरून ओळीत बसवायचं, ओळीवर ओळ रचायची आणि सगळं पान दोऱ्यानं घट्ट बांधायचं, असा तो उद्योग. पुढं खिळे गेले, छापखाना गेला, आणि पन्नाशी ओलांडलेला हा जुळारी एके दिवशी माझ्या ऑफिसात येऊन उभा राहिला. "पाव्हणं," म्हणाले, "तुमच्या त्या कम्प्युटरात पानं करत्यात म्हणं. मला शिकवा की." नात्याला लाजून मी शिकवलं. ही माझी चूक क्रमांक एक. क्रमांक दोनची पुढं येईल, तिच्यात हसण्यासारखं काही नाही.

ज्यांना या धंद्याची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगणं भाग आहे. वेबसाईटचं पान दोन तऱ्हेचं असतं. एक स्टॅटिक, म्हणजे एकदाच लिहून ठेवलेलं. कुणीही, कधीही उघडा, जसं लिहिलं तसंच समोर येणार. दुसरं डायनॅमिक. ते कुठंच लिहिलेलं नसतं. तुम्ही मागितलंत की प्रोग्राम आतल्या याद्यांतून नावं, तारखा, मजकूर गोळा करतो आणि त्याच क्षणी पान तयार करून तुमच्या पुढ्यात ठेवतो. सोलापूरकराला समजावायचं तर पहिली कडक भाकरी आणि दुसरी तव्यावरची. मी तव्यावरच्या भाकरीचा माणूस. साडू कडक भाकरीचे, आणि तेही इतके की तव्याचं नाव काढलं तरी त्यांचं पित्त खवळायचं. "कडक भाकर महिना महिना टिकतीया. तुमचा ग्यास संपला की गिऱ्हाईक उपाशी," हे त्यांचं एक म्हणणं, आणि माझा सर्व्हर बंद पडला की नेमक्या त्याच दिवशी ते चहाला यायचे. पण खरा आक्षेप वेगळाच होता. माझ्या पडद्यावरचं एखादं पान ते चष्मा कपाळावर चढवून निरखून बघायचे आणि विचारायचे, "ह्ये पान कुणी लिवलं?" मी सांगायचो, "कुणी लिहिलं नाही हो, ते तयार होतं." "आपसूक?" "हो, आपसूक." "मग चुकलं तर कान कुणाचा धरायचा?" पंधरा वर्षं हा प्रश्न आला की मी दर वेळी आणखी एक चहा सांगायचो.

छापखान्यातून सुटलेला माणूस प्रुफातून सुटत नाही. एकदा मी एका दंतवैद्यांची वेबसाईट केली होती, बरी झाली होती, गिऱ्हाईक खूश होतं. साडूंनी ती सगळी कागदावर छापून घेतली आणि तांबडी पेन्सिल घेऊन माझ्या ऑफिसातल्या स्टुलावर तीन तास बसले. 'दात' या शब्दावर मी सवयीनं अनुस्वार देऊन ठेवला होता. त्यांनी अनुस्वाराला गोल केला आणि समासात लिहिलं, 'उपटावा'. तेवढ्यात डॉक्टर स्वतः आले. त्यांनी कागद बघितला, आणि मी त्यांच्या दवाखान्याची चेष्टा करतोय असं वाटून दोन महिने ते माझ्याशी बोलले नाहीत. साडूंना त्याचं काही नाही. "अनुस्वार उपटायचाच हाय की," म्हणाले.

त्यांची स्वतःची गिऱ्हाइकं म्हणजे एक भजनी मंडळ, एक रसवंतीवाला, दोनतीन ग्रामदैवतांच्या यात्रा आणि असेच कुणीकुणी. एकेका पानाला आठवडा लावायचे. भजनी मंडळाच्या वेबसाईटची सतरा पानं, आणि प्रत्येकाच्या तळाशी सगळ्या मंडळींची नावं. पखवाजवाला रुसून मंडळ सोडून गेला. माझ्याकडं असता तर एका यादीतून एक नाव काढलं असतं आणि घरी जाऊन जेवलो असतो. साडूंनी सतरा पानं उघडली आणि सतरा ठिकाणी नाव खोडलं. चार दिवस गेले. पाचव्या दिवशी पखवाजवाल्याचा रुसवा निघाला, तो परत आला, आणि साडू पुन्हा बसले. मी डोक्याला हात लावला तर मलाच म्हणतात, "अवो, मानूस परत आल्याचा आनंद सतरा वेळा झाला, ते बघा की." प्रत्येक पानाच्या शेवटी बारीक अक्षरात घरचा फोन नंबर असायचा आणि वर ओळ, 'चूक आढळल्यास कळवावे.' लोक खरंच कळवायचे! अक्कलकोटकडच्या एका गृहस्थांनी अर्ध्या कानडीत अर्धा तास भांडून सांगितलं की त्यांच्या गावाचं नाव चुकलंय. साडू दुसऱ्या दिवशी एसटीनं त्या गावाला गेले. बघतात तर वेशीवरच्या पाटीवर जाताना एक नाव आणि येताना दुसरं. परत येऊन त्यांनी पानावर दोन्ही नावं घातली आणि मध्ये 'किंवा' लिहिलं.

हे फोन घ्यायची अक्का, म्हणजे साडूंची बायको, माझी थोरली मेहुणी. अक्का जिल्हा परिषदेच्या शाळेत तीसबत्तीस वर्षं शिक्षिका होती. निवृत्त झाली, पण शाळा काही तिला सोडेना. स्वयंपाकघराच्या भिंतीवर तिनं खरोखरीचा फळा लावून घेतला होता, आणि वर्गातल्यासारखा त्याच्या कोपऱ्यात रोज खडूनं वार, तारीख, पट आणि हजर लिहायची. पट म्हणजे हजेरीपुस्तकात नावं किती, आणि हजर म्हणजे आज आलेत किती. घराचा पट तीन, अक्का, साडू आणि त्यांचा एकुलता एक मुलगा विनू. विनूला पुण्याला नोकरी लागली तशी हजेरी दोनवर आली. शनिवारी त्याची मोटरसायकल फाटकाशी वाजली की अक्का कणकेच्या हातानं जाऊन दोनाचे तीन करायची. मी एकदा सहज म्हटलं, "अक्का, मी आलोय की, मला धरा हजेरीत." तर म्हणाली, "पाहुणे पटावर नसतात." मला तेव्हा रागच आला होता.

विनू सव्वीस वर्षांचा असताना पुण्याहून येताना वाटेत गेला. पुढं ट्रक होता. याहून जास्त मला लिहिता येत नाही. तेराव्याला जेवणं चालली होती आणि अक्का उठून फळ्यापाशी गेली. पट तीन लिहिला, हजर दोन लिहिलं. कुणीतरी वडीलधारं माणूस हळूच म्हणालं, "बाई, पट आता दोन झाला." अक्का मागं न वळता म्हणाली, "दाखला नेल्याशिवाय पटावरनं नाव कमी होत नाही."

वर्षभरानं तिचं विसरणं सुरू झालं. आधी शब्द गेले, मग वार गेले, आणि मग विनू गेल्याचंच ती विसरली. काही लोक म्हणाले, देवानंच कृपा केली. त्या लोकांच्या मुस्काटात द्यावी असं मला वाटलं, कारण ती दिवसातून चाळीस वेळा विचारायची, "विनू कधी येतोय हो?" आणि साडू चाळीस वेळा सांगायचे, "शनवारी." आपला मुलगा शनिवारी येणार आहे हे बापानं दिवसातून चाळीस वेळा कसं सांगावं? फळा मात्र तिला लागायचा. त्याच्यावर वार, पट, हजर वाचलं की तिचा जीव ठिकाणावर यायचा. पण शेवटच्या तासाला फळा पुसायची हाताची सवय गेली नव्हती. साडूंनी लिहिलं की ती पुसायची, आणि मग त्या कोऱ्या फळ्यापुढं उभी राहायची. "आज काय आहे? मी कुठल्या वर्गावर आहे?"

म्हणून साडूंनी फळा काढला आणि तिथं एक टॅब्लेट ठोकून बसवला. पान त्यांनीच लिहिलं, काळ्यावर पांढरी अक्षरं, कोपऱ्यात वार, तारीख, पट तीन, हजर दोन. हे काही हातानं पुसता येत नव्हतं. सकाळी ते फक्त वार आणि तारीख बदलायचे. एकदा त्यांना ताप आला आणि पान दोन दिवस सोमवारवरच राहिलं. सोमवार संपेचना, म्हणून अक्का तासातासाला पर्स घेऊन शाळेला निघायची. दुसऱ्या दिवशी शेजारच्या वहिनींना ती रिक्षा स्टँडवर सापडली, उन्हात, अनवाणी, मंद्रूपच्या शाळेला जायचंय म्हणून रिक्षावाल्याशी भांडत.

मला हीच संधी वाटली. "हे पान डायनॅमिक करा," मी म्हटलं. "वार आपोआप बदलेल. तुम्ही आजारी पडा, गावाला जा, ते चुकणार नाही." मला वाटलं होतं ते कानाची गोष्ट काढतील. ते चष्मा काढून सदऱ्याला पुसत म्हणाले, "करा तुमच्या मनासारखं. मी लई दमलोय, पाव्हणं." पंधरा वर्षांचा वाद मी जिंकलो होतो आणि मला, सांगायची लाज वाटते, आनंद झाला.

मी काय काय केलं त्या पानात! वार आला, तारीख आली, हवामान आलं, रोज नवा सुविचार आला. शिवाय दिनविशेष. आमच्या हिच्या एका वहीत सगळ्या नातेवाइकांच्या जन्मतारखा, लग्नाचे वाढदिवस, घरातल्या तिथ्या असं सगळं एकाखाली एक लिहिलेलं असतं. ती वही मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत टाईप करून यादीत घातली. कुणाचा दिवस आला की प्रोग्राम त्याचं नाव घेणार. नाव नुसतं बरं दिसत नाही, म्हणून जन्मतारखेवरून वय काढून तिशीच्या आतल्यांना चि. आणि पुढच्यांना श्री. किंवा सौ. लावायचं हेही मी त्याला शिकवलं. तीन महिने दृष्ट लागावी असं चाललं. 'आज तुमच्या धाकट्या बहिणीचा वाढदिवस' असं पानावर आलं आणि अक्कानं खरंच फोन केला. थोरल्या बहिणीच्या आवाजानं आमची ही फोन धरून रडली. साडूसुद्धा म्हणाले, "बरं चाललंय की."

त्यानंतर तो दिवस आला. दर वर्षी त्या तारखेला आम्ही दोघं सकाळीच त्यांच्याकडं जाऊन बसतो. अक्काला कारण सांगत नाही, सहज आलो म्हणतो. म्हणजे तारीख मला पाठ होती. ती तारीखही मी माझ्याच बोटांनी यादीत घातली होती, तेवढं विसरलो होतो. आम्ही तिघं पोहे खात होतो. अक्का अंघोळ करून, इस्त्रीची साडी नेसून आली, भिंतीपुढं उभी राहिली आणि मागच्या बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात वाचायला लागली. "आज वार बुधवार. पट तीन. हजर दोन. दिनविशेष. चि. विनायक यांचे तिसरे पुण्यस्मरण."

आमच्या हिनं तोंडावर हात दाबला. वहीत नुसतं 'विनायक, पुण्यस्मरण' होतं. चि. लावलं ते माझ्या प्रोग्रामनं. जन्मतारखेवरून त्यानं हिशेब केला, गेलेल्या पोराला तीन वर्षांनी मोठा केला, एकोणतीस वर्षांचा धरला, तिशीच्या आतला म्हणून चिरंजीव ठरवला आणि खाली त्याचं पुण्यस्मरण घातलं. एकामागं एक, सगळं माझ्या नियमाप्रमाणं. जुळारी कितीही झोपेत असो, चि. आणि पुण्यस्मरण त्यानं एका ओळीत बसवलं नसतं. त्याची बोटंच थांबली असती.

अक्काच्या कपाळाला आठी पडली. ती दुःखाची नव्हती, वही तपासतानाची होती. "हे चुकलंय," ती म्हणाली. "वर चि. लिहिलंय आणि पुढं पुण्यस्मरण. दोन्ही कसं असेल? यातलं एक चूक आहे." आणि आमच्याकडं वळली. आमच्याकडं नव्हे, वर्गाकडं. "हे कुणी लिहिलं?"

मी उठायला हवं होतं. साडू उठले. अडुसष्ट वर्षांचा तो माणूस हाताची घडी घालून, मान खाली घालून उभा राहिला. "मी लिवलं, बाई."

"मग काय चुकलंय ते तूच सांग."

साडू पडद्याकडं बघत राहिले. जन्मभर ज्यानं एका अनुस्वारासाठी लोकांशी वैर घेतलं, खोटं अक्षर पानावर राहू दिलं नाही, त्याला बायको विचारत होती की आपला मुलगा आहे का नाही. मग ते म्हणाले, "फुडचं चुकलंय, बाई. चि. बरोबर हाय."

"मग पूस ते."

त्यांनी खांद्यावरचा टॉवेल घेतला आणि काच पुसायला लागले. काचेवरनं अक्षर कसं जाणार? ते पुसतच राहिले, जोरजोरात, आणि अक्का मागं उभी राहून बघत राहिली. शेवटी मी धडपडत उठून टॅब्लेट बंद केला. पडदा काळा झाला. "शाब्बास, बस खाली," अक्का साडूंना म्हणाली. पण ती जेवली नाही. दुपारपर्यंत माझा हात धरून विचारत राहिली, "विनू बरा आहे ना हो?" मग ते विचारणंही विसरली.

निघताना साडू फाटकापर्यंत आले. मला माफी मागायची होती, मी नुसती फाटकाची कडी चाळवत राहिलो. तेच म्हणाले, "तुमी काय मुद्दाम केलं का? न्हाय. कुणीच केलं न्हाय, ह्येच वंगाळ झालं. उद्यापास्नं मी लिवतो."

पंधरा दिवस मी तिकडं फिरकलो नाही. तोंड दाखवायची हिंमत नव्हती. शेवटी हिनं लोणच्याची बरणी हातात दिली आणि जवळजवळ ढकललंच. सकाळचे आठ वाजले असतील. अक्का अंघोळीला गेली होती आणि साडू जेवणाच्या टेबलावर कम्प्युटर मांडून दोन बोटांनी टाईप करत होते. मी मागं उभा राहून वाचलं. 'आज रविवार. शाळेला सुट्टी. पट ३. हजर ३. विनू वरच्या खोलीत झोपला आहे. आवाज करू नये.' बस, एवढंच पान. मला कळेना, म्हणून विचारलं, तर म्हणाले की आता रोज रविवारच असतो, म्हणून अक्का शाळेला निघत नाही. शेजाऱ्यांना सांगून ठेवलंय. दूधवाला मंगळवारीसुद्धा "आज सुट्टी का, बाई?" म्हणतो. ती एकदा वाचते, जिन्याकडं बघून हसते आणि भाजी निवडायला बसते. विनू कधी येणार हे या पंधरा दिवसांत तिनं विचारलेलं नाही.

"पण हे तर कालचंच पान आहे," मी म्हटलं. धंद्याची खोड जात नाही. "एक अक्षर बदलायचं नाही. स्टॅटिकच आहे, तुमच्या मनासारखं. मग आहे तेच राहू द्या की. रोज कोऱ्यापासून कशाला लिहिताय?"

साडूंनी हातातली ओळ पुरी केली. काना, मात्रा, वेलांटी, सगळं नीट बसलंय का बघितलं.

"कालचं ठिवलं तरी तिला चालतंय," ते म्हणाले. "मला चालत न्हाय. 'हजर तीन' लिवतो न्हवं, पाव्हणं, तेवढा वेळ घर भरल्यागत वाटतंय."

मला काहीतरी बोलायचं होतं. लोणचं हिनं दिलंय, कैरी आंबट निघाली, असलंच काहीतरी. वरच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. मी बरणी आवाज न होऊ देता टेबलावर ठेवली आणि जे बोलायचं ते अगदी हळू बोललो.